उंची कमी म्हणून ग्रोथ हार्मोनची तपासणी करताय? या चुका टाळा

‘मॅडम, पोराचं ग्रोथ हार्मोन शून्य आलंय.’ आई-वडील घाबरलेले असतात, फाईल जाडजूड असते, आणि आत सापडतो तो सकाळी अकराच्या सुमारास एकदाच काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट. असा रिपोर्ट मी वाचतसुद्धा नाही, बाजूला ठेवते.

ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सतत झिरपत नाही, थांबून थांबून सुटतं. त्यातलं बरंचसं रात्री गाढ झोपेत. मधल्या वेळात अगदी ठणठणीत मुलाच्या रक्तातही ते जवळजवळ शून्य असतं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत थांब्यावर जायचं आणि ‘या गावाला एसटीच येत नाही’ असं ठरवून परतायचं, तसला हा प्रकार आहे. तरीही ‘उंचीचं पॅकेज’ म्हणून ही टेस्ट सर्रास विकली जाते, याची मला चीड येते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नवजात बाळाची साखर घसरलेली असताना त्याच वेळी घेतलेला नमुना मोलाचा असतो, तो चुकवू नका.

आयजीएफ-1, म्हणजे ग्रोथ हार्मोनमुळे मुख्यतः यकृतात तयार होणारं हार्मोन, कमी आलं म्हणजे निदान झालं, असंही नाही. मूल कुपोषित असेल, थायरॉइड कमी असेल, यकृताचा आजार असेल तरी ते कमीच येतं.

खरी सुरुवात रक्तापासून नव्हे, भिंतीवरच्या मोजपट्टीपासून होते. बूट काढलेले, वेणी किंवा क्लिप सोडलेली, टाचा भिंतीला, डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत. संध्याकाळपर्यंत मूल सकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने कमी भरू शकतं, म्हणून मी दर वेळी शक्यतो त्याच वेळेला, त्याच पट्टीवर मोजते. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून ‘वाढ थांबली’ म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा: अर्ध्या सेंटिमीटरची चूक वर्षाच्या वेगात दोन सेंटिमीटरची होते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. तिथे दोनची चूक म्हणजे सगळं चित्रच उलटं. निदान सहा महिने थांबा, वर्ष मिळालं तर उत्तम. थांबायला कुणी तयार नसतं, हेच दुखणं आहे.

आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर 13 मिळवा, मुलगी असेल तर 13 वजा करा, आणि दोनने भागा. सगळं सेंटिमीटरमध्ये. ही मुलाची मोठेपणीची अंदाजे अपेक्षित उंची. तिच्या रोखाने चाललेल्या, दरवर्षी नीट वाढणाऱ्या मुलाला उगाच सुया कशाला?

आता ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त भांडते, तिच्याकडे येते. तेरावं लागलेला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला रोजचं इंजेक्शन सुरू होऊन काही महिने झाले होते. आधीच्या ठिकाणी क्लोनिडिनची, म्हणजे ग्रोथ हार्मोन सुटायला लावणारं हे औषध देऊन रक्त तपासायची, एकच टेस्ट झाली होती, आणि पीक (त्यातला सगळ्यात वरचा आकडा) मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅमच्या खाली आलं म्हणून कमतरतेचा शिक्का बसला होता. घरच्यांनी खर्चासाठी कर्ज काढलं होतं. मुलगा वयात आलाच नव्हता. एक्स-रेवरून काढलेलं हाडांचं वय दोन वर्षांनी मागे होतं. वडिलांना विचारलं, ‘तुमची उंची कधी वाढली?’ ते म्हणाले, ‘बारावीनंतर. तोवर वर्गात पहिल्या बाकावर होतो.’

पोरगं उशिरा वयात येणाऱ्या घराण्यातलं होतं. अशा मुलांच्या शरीरात लैंगिक हार्मोन्स अजून नसतात, आणि त्यांच्याशिवाय ग्रोथ हार्मोनचा प्रतिसादही मंद येतो. म्हणून वयात न आलेल्या, अकरा ओलांडलेल्या मुलाला आणि दहा ओलांडलेल्या मुलीला टेस्टआधी प्रायमिंग करावं लागतं: मुलांना काही दिवस आधी टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन, मुलींना एस्ट्रोजेनच्या गोळ्या. या मुलाची इंजेक्शनं थांबवून, मध्ये पुरेसा काळ जाऊ देऊन, प्रायमिंग करून पुन्हा तपासलं. पीक व्यवस्थित 10 च्या वर गेलं. ‘आठवडाभरासाठी कोण थांबतंय’ म्हणून गाळलेली ही पायरी त्या घराला फार महाग पडली.

टेस्ट एकच करून निकाल देऊ नका, दोन वेगवेगळ्या औषधांनी करा. 10 चा आकडाही दगडावरची रेघ नाही. हार्मोन मोजायच्या नव्या किटवर अनेक ठिकाणी 7 धरतात, म्हणून लॅब कोणती पद्धत वापरते ते आधी विचारा. लठ्ठ मुलात पीक मुळातच कमी येतं.

आणि नमुने वाचवू नका. ‘क्लोनिडिननंतर तासाभराने एकच रक्त घेऊ’ हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. पीक 90 व्या मिनिटाला आलं तर ते हुकलंच. उपाशीपोटी सुरुवात, मग दर अर्ध्या तासाला, दोन तासांपर्यंत. टेस्ट ग्लुकागॉन या औषधाने असेल तर तीन तास. क्लोनिडिनने मूल पेंगतं, रक्तदाब उतरतो, म्हणून ते नीट जागं होऊन चालेपर्यंत मी घरी सोडत नाही. ग्लुकागॉननंतर उशिरा साखर घसरते, तेव्हा मूल माझ्यासमोर पोटभर जेवतं, मगच निघतं. साखर मुद्दाम उतरवणारी इन्सुलिनची टेस्ट, शिरेतून द्यायचं डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) हाताशी आणि डॉक्टर खाटेशी असल्याशिवाय करूच नये.

या सगळ्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनी आणि सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) तपासणी करा. थायरॉइड कमी असेल तर आधी ते सुधारा, नाहीतर टेस्ट खोटी येते. उंची कमी असलेल्या प्रत्येक मुलीची गुणसूत्रं तपासा, एक एक्स गुणसूत्र नसल्याने किंवा अपुरं असल्याने होणारा टर्नर सिंड्रोम चेहऱ्यावरून ओळखू येतोच असं नाही. दम्याचे किंवा त्वचेचे स्टिरॉइड चालू आहेत का, हेही विचारा. आपण होऊन कुणी सांगत नाही.

दोन्ही टेस्ट खरोखर कमी आल्या तर पिट्युटरीचा एमआरआय आणि सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाला तोंड द्यायला लागणारं हार्मोन) करा. कॉर्टिसॉल कमी निघालं तर आधी त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन, त्यानंतर गरज असेल तर थायरॉइडचं थायरॉक्सिन, आणि मगच ग्रोथ हार्मोनची पहिली सुई.