मृगापासून कानबाईपर्यंत माळ बंद: कुरण, शेततळे आणि रानातल्या जनावरांसाठी खान्देशचा पावसाळी सल्ला

कपाशी, मका आणि केळीचे नियोजन एव्हाना ठरलेले असते. राहून जातात ते मुरमाड माळ, बांध, नाल्याकाठची पडीक पट्टी आणि शेततळे. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या कमी पावसाच्या पट्ट्यात उन्हाळा लागला की चारा विकत घेण्याची पाळी येते. त्याचे मूळ बहुतेक वेळा पावसाळ्याच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत असते: हिरवे दिसले की गुरे आत सोडली जातात.

गवताचा पहिला कोंब मुळात साठलेल्या अन्नावर फुटतो. चार-पाच पाने झाली की मग ती पाने मुळाला परतफेड करू लागतात. त्याआधीच ती खाल्ली गेली तर मूळ पुन्हा कोंब काढते आणि पुन्हा रिकामे होते. दोन-तीन वर्षे असे झाले की मारवेल, पवन्या, अंजन ही कसदार गवते मरतात आणि त्यांच्या जागी कुसळी, तरोटा, गाजर गवत शिरते.

माळावर जाऊन गवताचा एखादा ठोंब वाकून पाहा. तो भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटे उंच, छोट्या ओट्यावर बसल्यासारखा दिसला, तर भोवतीची तेवढी माती वाहून गेली आहे असे समजा. अशा माळावर यंदा एकही जनावर सोडू नका. फक्त कापणी करा. बाकीचा माळ मृग नक्षत्र लागल्यापासून श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत बंद ठेवा. त्यानंतर त्याचे चार भाग करून आळीपाळीने चारा. गवत वीतभर झाले की गुरे आत, चार बोटे उरले की बाहेर. मेंढी गाईपेक्षा बुडाशी दात लावते, म्हणून ठेलारी मेंढपाळांशी तारखा आणि भाग पेरणीच्या आधीच बोलून ठरवा. गावच्या गायरानाचा निर्णय ग्रामसभेत व्हावा, नाहीतर एकाने राखायचे आणि दुसऱ्याने चारायचे असे होते.

बंदीच्या काळात गुरांना खायला काय, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी थोडा कडबा राखून ठेवा आणि निंदणीचे व बांधाचे गवत कापून गोठ्यात घाला. एक सावधगिरी मात्र हवीच. कोवळी किंवा पावसाने ताण दिलेली ज्वारी, आणि कापलेल्या ज्वारीच्या बुडाला आलेले फुटवे गुरांना खाऊ देऊ नका. त्यात सायनाइडवर्गीय विष तयार होते आणि किराळ लागून जनावर तासाभरातही दगावते. फुलोऱ्यावर आलेली ज्वारीच हिरवी घाला. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या.

विरळ माळावर बी टाकायचे असेल तर स्टायलो हमाटा हे द्विदल गवत हलक्या जमिनीत चांगले येते. गवतात मिसळायला हेक्टरी ४ ते ६ किलो बी पुरते. बियांचे कवच कठीण असते; तसेच पेरल्यास पुष्कळसे बी त्या वर्षी उगवतच नाही. सुमारे ८० अंश सेल्सिअस गरम पाण्यात ४ मिनिटे बुडवा, लगेच गार पाण्यात टाकून रात्रभर ठेवा आणि सावलीत सुकवून पेरा. उकळत्या आधणात टाकू नका, बी शिजते. बारीक माती किंवा वाळू मिसळून फेका आणि वरून काटेरी फांदी ओढा, एवढेच. पाभरीने खोल पेरले की इवल्याशा बियाला वर येण्याची ताकद उरत नाही, आणि मग बियाण्याला दोष दिला जातो.

बांधावर मारवेलची ठोंबे लावा. ३० सेंटिमीटर अंतरावर, एकाआड एक अशा दोन ओळी घेतल्या तर १०० मीटर बांधाला सुमारे ६७० ठोंबे लागतात. जमीन चांगली ओली झाल्यावर, झिमझिम असताना लावावीत. फुले मारवेल ०६-४० हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आहे. ठोंबांची मागणी विद्यापीठाच्या चारा पिके संशोधन प्रकल्पाकडे किंवा ममुराबाद, पाल, धुळे, कोळदा यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आत्ताच नोंदवा. लावणीची वेळ दोन-तीन आठवड्यांचीच असते.

कुसळी असलेला माळ फुलोऱ्यातच कापून घ्या. कुसळे पिकली की चाऱ्याचा कस जातो, आणि तीच कुसळे मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत व गुरांच्या तोंडात रुततात. नवीन फुटवा यावा म्हणून उन्हाळ्यात माळ पेटवण्याची पद्धत मात्र सोडायलाच हवी. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच वळवाच्या पावसात नाल्यात जाते.

शेततळ्यातील मासे

३० बाय ३० मीटरच्या तळ्यात किमान दीड मीटर पाणी सात-आठ महिने टिकत असेल तरच मासे सोडा. आपल्याकडे तळे ऑगस्टमध्ये भरते आणि उन्हाळी पाळ्यांना रिकामे होते. म्हणून मत्स्यजिरे (अगदी लहान पिल्ले) घेऊन वेळ घालवू नका, बोटभर लांबीची बोटुकलीच आणा. एवढ्या तळ्याला ४०० ते ५०० पुरेत. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी खातो, म्हणून ४:३:३ असे प्रमाण सांगितले जाते. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला गाळच नसतो, मृगळ तिथे उपाशी राहतो; त्याचे प्रमाण निम्मे करून कटला-रोहू वाढवा. थाई मांगूर कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

चुना सरसकट टाकू नका. खान्देशातली बरीच काळी जमीन मुळातच चुनखडीची असते. आधी पाण्याचा सामू (pH) तपासा; तो ७ च्या खाली असेल तरच १५ ते २० किलो चुना लागेल. साध्या मातीच्या तळ्यात बीज सोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी सुमारे २०० किलो ताजे शेण पाण्यात कालवून टाका. मग कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा अंधुक दिसेनासा होत असेल तर पाणी तयार आहे. मनगट बुडताच दिसेनासा झाला तर शेण थांबवा. स्वच्छ दिसत राहिला तर माशांना खायला काही नाही.

बीजाची पिशवी बंदच ठेवून १५ ते २० मिनिटे तळ्यावर तरंगू द्या. मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घाला आणि बोटुकली आपणहून बाहेर पडू द्या. हे काम सकाळी किंवा सायंकाळी करावे. खाद्य म्हणून भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, भोके पाडलेल्या पिशवीत बांबूला टांगा. ५०० मासे १०० ग्रॅमचे झाले की हे रोजचे एक ते दीड किलो होते. दुसऱ्या दिवशी पिशवीत खाद्य उरले तर तेवढे कमी करा.

आभाळ भरलेल्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपला आहे. हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री तेच घेते. खाद्य व शेण बंद करा आणि मोटर लावून तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा.

सर्वात मोठी हानी मात्र फवारणीने होते. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही कपाशीवरची औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. पंप तळ्यात विसळणे, किंवा फवारलेल्या कपाशीतले पहिले पाणी तळ्यात येऊ देणे, यात सगळी बोटुकली एका रात्रीत उलटी तरंगते. येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा आणि फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात ते तोंड बंद ठेवा.

प्लास्टिकच्या उतारावर पाय धरत नाही. तळ्याला कुंपण हवेच. शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर आणि एका बाजूला गोणपाटाची पट्टी काठापासून पाण्यापर्यंत सोडा. माणूस किंवा लेकरू पडले तर ते दोर धरेल. पाण्यासाठी आलेले कोल्हे, सायाळ, रानमांजर त्या पट्टीवरून वर येईल.

रानडुक्कर आणि बिबट्या

मका दुधात आला की रानडुक्कर येते आणि रात्रीत मोठा तुकडा आडवा करते. सौर कुंपणाची सर्वात खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर हवी, नाहीतर डुक्कर खालून शिरते. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जातो. म्हणून दर आठवड्याला तारेखालची पट्टी साफ करा. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात शेजारचाच माणूस जीव गमावतो.

यावल, रावेर, चोपडा भागात केळीच्या बागेत बिबट्या असू शकतो. घड कापताना एकट्याने वाकून काम करू नका. दोघे-तिघे बोलत राहा. वासरे आणि शेळ्या रात्री दार लागणाऱ्या गोठ्यात ठेवा. बिबट्या दिसल्यास त्याला घेरू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिकाचे नुकसान झाले तर आधी फोटो काढा: ठसे, कुरतडलेली कणसे आणि शेताची खूण एकाच चौकटीत. त्यानंतरच शेत साफ करा. भरपाईसाठी सातबाऱ्याच्या उताऱ्यासह ३ दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. उशीर झाला की पंचनाम्याला दाखवायला शेतात काहीच उरत नाही.