केसपेपरच्या खिडकीपाशी

लैंगिकता आणि आरोग्य या विषयावर पीएच.डी. करायची म्हटल्यावर पहिला प्रश्न पडतो, घरी काय सांगायचं? मी 'आरोग्य विषमता' एवढंच सांगितलं. आईनं त्याचं 'दवाखान्याचं काहीतरी' करून नातेवाइकांत पोहोचवलं. असो.

चार महिने घासून प्रश्नावली केली होती. ओळखीचे रकाने: गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर, एमएसएम (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष). पहिल्याच मुलाखतीत समोरचा म्हणाला, "ताई, मी कोती. यात कुठं बसू?" कोती म्हणजे बायकी वळणाचे पुरुष स्वतःसाठी वापरतात तो शब्द. त्याचं लग्न झालेलं, दोन मुली. 'एमएसएम' हा एचआयव्ही कार्यक्रमातला शब्द; माणूस काय करतो हे त्यातून कळतं, तो स्वतःला काय म्हणवतो हे नाही. प्रश्नावली पिशवीत टाकली आणि नुसती ऐकत बसले. तुम्हीही पहिल्या दहा-बारा मुलाखती रकान्यांशिवायच घ्या.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. मी ओपीडीबाहेर बसून माहिती गोळा करत होते. एकदा ओळखीच्या एका ट्रान्स बाईंबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. अंगात ताप होता. केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्ड दिलं. कारकुनानं त्यावरचं पुरुषी नाव मोठ्यानं पुकारलं, पुन्हा एकदा पुकारलं, आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. बाई म्हणाल्या, "चल, उतरेल ताप," आणि बाहेरच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन घरी गेल्या. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2014चा, कायदा 2019चा. ही घटना त्यानंतरची.

अशी खिडकीवरून परत गेलेली माणसं माझ्या आकडेवारीत कशी येणार? दवाखान्यात भेटतात ते टिकून राहिलेले. 2011च्या जनगणनेतला 'इतर' रकान्यातला सुमारे 4.88 लाखांचा आकडाही तसाच वाचा: दारात आलेल्या प्रगणकाला, घरच्यांसमोर, कोण काय सांगणार?

संमतीपत्रावर सहीचा हट्ट धरू नका. सही म्हणजे पुरावा, आणि लोक त्यालाच घाबरतात. तोंडी संमतीची परवानगी नैतिकता समितीकडून आधीच घ्या. समिती दोन-तीनदा परत पाठवते, तेवढा वेळ धरून चाला. टिपणांत नाव तर नकोच, पण 'तालुक्याच्या गावात बँडमध्ये वाजवणारा' असंही नको. गावात बँड एकच असतो.

आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग करत असाल तर आपोआप होणारा बॅकअप बंद करा. माझी एक मुलाखत घरच्या टॅबवर दिसायला लागली होती. नशीब, टॅब त्या वेळी माझ्याच हातात होता.