गाडी तापते? थर्मोस्टॅट काढू नका, आतली हवा काढा

जुन्या छोट्या गाडीवर दुरुस्तीचे पैसे सर्वात जास्त वाया जातात ते ‘गाडी तापते’ या एका तक्रारीवर. आधी रेडिएटर बदलला जातो, मग वॉटर पंप, मग फॅनची मोटर, आणि तरीही पुढच्या मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर काटा लाल पट्टीकडे सरकतोच. माझी स्वतःची गाडी म्हणजे १०६१ सीसी इंजिनाची जुनी वॅगनआर. शिवाय नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या अल्टो, सॅन्ट्रो यांचंही हे काम मी वर्षानुवर्षं करत आले आहे. बऱ्याचदा मोठा पार्ट गेलेलाच नसतो. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आणि रसायनाचं मिश्रण, भरताना आत हवा राहिलेली असते, आणि ती काढायला कुणी अर्धा-पाऊण तास दिलेला नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण इथे लोक भाजतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कापड गुंडाळूनही नाही, हळूहळू फिरवूनही नाही. आत दाब असतो, झाकण सैल होताच पाणी उकळून तोंडावर येतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हातात घ्या.

कधी तापते?

गॅरेजला जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर फॅनकडे बघा: फ्यूज, रिले, वायरचा कनेक्टर, मोटर, याच क्रमाने. उभ्या गाडीत एसी कोमट होतो आणि चालत्या गाडीत पुन्हा गार होतो, हीसुद्धा फॅनचीच खूण. उलट मोकळ्या रस्त्याला किंवा घाटात तापत असेल, तर दोष सहसा फॅनचा नसतो. रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून मातीने भरलाय, पाणी कमी आहे, बेल्ट घसरतोय, किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, अर्धवट उघडतोय. आणि काटा मनाला येईल तसा वरखाली होत असेल, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत असेल, तर जवळजवळ खात्रीने आत हवा आहे.

तुमच्या गाडीत काटाच नसेल, नुसता लाल दिवा असेल, तर स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. मोबाइलवर कुलंटचं तापमान आकड्यात दिसतं. दिवा पेटेपर्यंत फार उशीर झालेला असतो. एक मात्र लक्षात ठेवा: पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर आकडा खोटा दाखवतो. इंजिन भाजत असतं आणि काटा मधेच असतो.

किरकोळ कामं

होज पाईप दाबून बघा. फुगलेले, भेगा पडलेले किंवा अगदी मऊ झालेले बदला. क्लिपा गंजल्या असतील तर त्याही. रेडिएटरच्या जाळीतली माती साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेर अशी काढा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाईप लावू नका, पत्रे वाकतात. वॉटर पंपाखाली ओल किंवा वाळलेल्या कुलंटचा पांढरट-हिरवट डाग दिसला तर पंप बदला. रेडिएटरचं झाकण बदलाच. त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत गेलेलं जास्तीचं पाणी परत आत ओढलं जात नाही. जुन्या झाकणावर दाबाचा जो आकडा कोरलेला आहे तोच नव्यावर हवा.

रेडिएटर गळतो म्हणून हळद घालायचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचं आहे, तर घाला. पण घरी आल्यावर ते पाणी काढून टाका आणि गळती दुरुस्त करा. ती हळद आणि बाजारात मिळणारी लीक बंद करायची औषधं शेवटी हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

थर्मोस्टॅट

“मॅडम, थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच मिटेल.” हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकाल तिथून गाडी परत आणा. आपल्याकडे थंडी नाही, मग थर्मोस्टॅट कशाला, हा त्यामागचा विचार आणि तो चूक आहे. थर्मोस्टॅट फक्त थंड प्रदेशासाठी नसतो. इंजिन ठरावीक तापमानाला आणून तिथे टिकवणं हे त्याचं काम. तो काढला की मोकळ्या रस्त्याला इंजिन पुरतं तापत नाही, कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करतो. तो नसला की गरम पाण्यातलं काही रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं, आणि ज्या घाटासाठी हा उद्योग केला त्याच घाटात गाडी जास्त तापते.

तपासणं सोपं आहे. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, स्वयंपाकाचा थर्मामीटर घाला आणि गॅस लावा. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुतेक छोट्या गाड्यांत ८२ किंवा ८८ अंश. त्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला तर चांगला. नाही तर नवा घ्या. या कामातला हा स्वस्त पार्ट आहे. बसवताना त्याच्या कडेवर जी छोटी हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा. हवा निघायची ती वाट आहे. खाली राहिली तर पुढचं सगळं काम अवघड होऊन बसतं.

कुलंट भरणं आणि हवा काढणं

आता मुख्य काम. मला सर्वात जास्त त्रास इथेच झाला आहे, आणि गॅरेजमध्ये घाई होते तीही इथेच: झाकण उघडलं, गळ्यापर्यंत भरलं, झाकण लावलं, झालं. इंजिनाच्या वरच्या भागात आणि हीटरच्या नळ्यांत हवेचा फुगा तसाच राहतो. हा वरचा भाग म्हणजे हेड, आणि ते असतं ॲल्युमिनियमचं. जिथे पाण्याऐवजी हवा आहे तिथे उष्णता वाहून नेणारं काही उरत नाही, आणि हेड तेवढ्याच जागी भाजतं. वाकलं की खर्च हजारांत.

आधी जुनं काढताना ते मोजून घ्या. पाच लिटरचा जुना कॅन खाली ठेवा आणि किती निघालं ते लिहून ठेवा. या गाड्यांत एकूण साधारण साडेतीन ते साडेचार लिटर मावतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हा आकडा फार कामाचा आहे. चार लिटर निघालं आणि भरताना तीनच मावलं, तर उरलेली एक लिटरची जागा हवेने धरलेली आहे. दुसरं कुठलंही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका. काढलेलं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात.

नवं कुलंट घेताना कॅनवर वाचा: तयार मिसळलेलं आहे की दाट. दाट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, कॅनवर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. नळाचं नको आणि बोअरचं तर मुळीच नको, त्यातले क्षार नळ्यांत बसतात. जास्त दाट म्हणजे जास्त गार हाही गैरसमजच, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतो आणि सोबतची रसायनं गंज रोखतात. आणि हिरवं की लाल हे बघून ठरवू नका. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने घालते. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार घ्या, आणि पूर्वी काय भरलंय हे ठाऊक नसेल तर डिस्टिल्ड वॉटरने आतून धुऊनच नवं घाला.

गाडी चढावर उभी करा, तोंड वरच्या बाजूला. सोसायटीचा पार्किंगचा उतार चालतो. उद्देश एकच, रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच जागी यावं, कारण हवा वरच जाणार. मागच्या चाकांना दगड किंवा विटा लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर फिरवा, एसी बंद. हीटरचा नॉब विसरलात तर काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह बंद राहतो आणि तिथली हवा तिथेच राहते. गॅरेजवाल्याने पूर्वी कधी हीटर गळतो म्हणून त्याचे दोन्ही पाईप आपसात जोडून टाकले असतील तर तेही आत्ताच बघून घ्या.

आता अगदी बारीक धारेने भरा. भरभर ओतलं की पाण्याखाली हवा कोंडते. मधेमधे थांबा आणि वरचा जाड होज पाईप हाताने दाबा-सोडा, दाबा-सोडा. प्रत्येक दाबाला गळ्यातून बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. पुन्हा भरा. थर्मोस्टॅटजवळ किंवा हीटरच्या पाईपवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सलग धार आली की आवळा. दाबूनही बुडबुडा येईनासा झाला की मगच, झाकण उघडं ठेवून, इंजिन सुरू करा आणि नुसतं आयडलवर ठेवा.

पुढची दहा-पंधरा मिनिटं गाडीजवळून हलायचं नाही. सुरुवातीला वरचा पाईप गारच असतो. मग एका क्षणी तो झपाट्याने गरम होतो आणि त्याच वेळी गळ्यातली पातळी एकदम खाली जाते. थर्मोस्टॅट उघडला. लगेच भरा. थोडा वेळ बुडबुडे येत राहतील, मग कमी होतील. पाणी फुगून वर यायला लागलं की झाकण लावा. ॲक्सिलेटर देऊन घाई करू नका, उघड्या गळ्यातून गरम पाणी उसळतं. झाकण लावल्यावर फॅन दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून चांगली गरम हवा आली पाहिजे. काटा वर आणि हीटर गार, म्हणजे हवा अजून आत आहे. इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा भरायला लागा.

शेवटी बाटली ‘लो’ आणि ‘फुल’च्या खुणांमध्ये ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, दाबाचं झाकण बाटलीलाच असतं. त्यांत भरायचं बाटलीतूनच, बाकी रीत हीच. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचं झाकण उघडा. थोडी पातळी उतरलेली असेल, ती भरा. दोन-तीन सकाळी हे करा. पातळी स्थिर झाली की काम झालं.

पातळी स्थिर होतच नसेल तर

बाहेर कुठेही गळत नाही, तरी पाणी कमी होतं. बुडबुडे थांबतच नाहीत. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरातच वरचा पाईप दगडासारखा घट्ट होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. या खुणा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधलं सील, गेल्याच्या आहेत. त्यातला एकटा दुधाळ चिकटा धरू नका, पावसाळ्यात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो होतो. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर गाडी चालवणं थांबवा.

हेड उचलायची वेळ आली तर नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. हेड लेथवाल्याकडे पाठवून सरळ आहे का ते पट्टी लावून तपासून घ्या, वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, आणि तडा नाही ना यासाठी प्रेशर टेस्ट. जिथे मॅन्युअल नवे हेड बोल्ट सांगतं तिथे नवेच. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर हा खर्च करण्याआधी नोंदणीच्या नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा हिशोब मांडा. तळाचा पत्रा गंजला असेल तर मी हेडवर पैसे घालणार नाही; पत्रा चांगला असेल तर नक्की घालेन. आणि हेड बसवून झाल्यावर कुलंट भरताना गॅरेजमध्ये स्वतः हजर राहा. गाडी चढावर, हीटर गरमवर, बारीक धार, फॅन दोनदा: हे सगळं डोळ्यांदेखत करून घ्या, आणि त्याही आधी, थर्मोस्टॅट परत बसवला आहे ना ते त्याच्यावरचं झाकण आवळण्यापूर्वी बघा.