शेफ व्हायचंय? फी भरायच्या आधी हे करून बघा

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, शेफ होणं वर्थ आहे का, मार्क बरे आहेत पण मन कुकिंगमध्ये आहे, घरचे म्हणतायत आचारी होणार का वगैरे. माझं उत्तर ठरलेलं आहे. सरकारी कॉलेजच्या फीमध्ये किंवा थेट काम करत शिकणार असाल आणि पहिली चार-पाच वर्षं पगाराची स्लिप बघून रडणार नसाल तर हो, वर्थ आहे. आठ-दहा लाखांचं लोन काढून चकाचक ब्रोशरवाल्या कॉलेजला जाणार असाल तर नको. आता हे असं का आणि तुमचं तुम्ही कसं ठरवायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, "मला स्वयंपाकाची खूप आवड आहे" ह्याला फार भाव देऊ नका. रविवारी मूड लागला म्हणून मटण केलं, चार जणांनी वाहवा केली, भांडी आईने घासली, ह्याचा आणि हॉटेलच्या किचनचा फार संबंध नाही. तिथे पहिले कित्येक महिने कोणी तुमच्या हातात मटण देतच नाही. आलं-लसूण सोला, कांदा चिरा, कोथिंबीर निवडा, मासळी आली की वजन करून घ्या, वॉक-इनमध्ये (आत चालत जाता येईल एवढ्या फ्रीजमध्ये) जुना माल पुढे आणि नवा मागे लावा, प्रत्येक डब्यावर तारखेचं स्टिकर. आणि उद्या परत तेच. त्यामुळे स्वतःला विचारायचा प्रश्न हा की तेच काम, तितकंच नीट, रोज करताना मला कंटाळा येतो का. येत असेल तर घरी करा, लोकांना खायला घाला, नोकरी दुसरी बघा, त्यात काही वाईट नाही.

हे घरी बसून कळत नाही, म्हणून फॉर्म भरायच्या आधी एखादा पूर्ण सीझन किचनमध्ये काढा, 18 पूर्ण झालेलं असेल तर बरंच. डिसेंबर सगळ्यात बेस्ट कारण लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, ख्रिसमस आणि थर्टी फर्स्ट सगळं एकावर एक येतं. काम मागायला जाताना दुपारी साडेतीन ते पाचच्या मध्ये जा, लंच संपलेला असतो, डिनर सुरू झालेला नसतो, एक वाजता गेलात तर कोणी तुमच्याकडे बघणार पण नाही. आणि पुढच्या दारातून मॅनेजरला भेटू नका, मागच्या दाराने जाऊन किचनमधल्या शेफला विचारा. "सर, हेल्पर म्हणून घ्या, काहीही करतो" इतकं पुरे. सर्टिफिकेट दाखवू नका, तुमच्या पेजवरचे केकचे फोटो तर अजिबातच दाखवू नका. मोठ्या हॉटेलात असं थेट घेत नाहीत, तिथे एचआर आणि पोलीस व्हेरिफिकेशन असतं, पण चांगलं चालणारं रेस्टॉरंट किंवा बाहेरच्या ऑर्डरी घेणारा केटरर घेतो, कारण सीझनला माणसं कायमच कमी पडतात.

तिथे काय बघायचं? शनिवारी रात्री साडेआठ ते साडेदहा बघा. केओटीचा, म्हणजे टेबलांच्या ऑर्डरी किचनमध्ये छापणारा, प्रिंटर थांबतच नाही. पासवर (तयार प्लेटा जिथून बाहेर जातात तिथे) उभा असलेला सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालचा दोन नंबर, ओरडून वाचतो, टेबल बारा, दोन बटर चिकन, एक पनीर लबाबदार, सहा बटर नान, आणि सगळ्यांनी एकदम "येस शेफ" म्हणायचं. ग्रेव्हीवाल्याचा पॅन चढतो, मखनी दुपारीच तयार असते, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, चॉप मसाला सगळं डब्यांत भरून हाताशी लावलेलं, ह्यालाच मीझाँ प्लास म्हणतात आणि ती तयारी नसेल तर रात्री देवसुद्धा वाचवू शकत नाही. तंदूरवाला मात्र थांबलेला असतो कारण नान आधी मारला तर पासवर पडून चिवट होणार, त्याची नजर पॅनवर, पॅन उतरायला आला की मग त्याचा हात भट्टीत जातो-येतो, जातो-येतो, त्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही. तेवढ्यात टेबल सातची डाळ परत येते, मीठ जास्त. वाद घालायचा नाही, नवीन पॅन. दोन तास हे असं, एसी नाही, पाणी प्यायला वेळ नाही, आणि अकरा वाजता सगळं संपल्यावर सेक्शन घासून पुसून उद्याच्या मालाची ऑर्डर लिहायची. त्या दोन तासांत तुमचं डोकं शांत होत असेल, एक प्रकारची मजा येत असेल, तर तुम्ही ह्या लाइनचे आहात. चिडचिड होऊन रडू येत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, फी वाचली.

आता पैसे, कारण ह्यावर कोणी स्पष्ट बोलत नाही. पुण्या-मुंबईत कोर्स करून कॉमी (किचनमधला सगळ्यात खालचा शेफ) म्हणून लागलात आणि ऑफर 18,000 ची आहे असं धरू. बेसिक 9,000 असेल तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,080 गेले, ईएसआयसीचे (सरकारी आरोग्य विम्याचे) पाऊण टक्का म्हणजे 135, प्रोफेशनल टॅक्स 200 (मुलींना महाराष्ट्रात 25,000 पर्यंत तो लागत नाही). हातात 16,585. आता महिन्याचे 26 दिवस, रोज 12 तास धरा, कारण ऑफर लेटरवर नऊ लिहिलेले असतात पण बारा होतातच. 312 तास. तासाला साधारण 53 रुपये पडले. स्टाफ मील दोन वेळचं फुकट असतं हे खरं, आणि ते खायला वेळ मिळतो की नाही हा वेगळा विषय. कायद्याने आठवड्याला 48 तास आणि त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम, पण बऱ्याच जागी ओव्हरटाइमच्या जागी कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) म्हणतात आणि तो कॉम्प ऑफ पावसाळ्यात कधीतरी मिळतो. सर्व्हिस चार्जवर पण फार भरवसा ठेवू नका. पूर्वी त्याचा वाटा किचनपर्यंत यायचा, पण 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, त्यामुळे आता जागेनुसार काय ते बघावं लागतं.

म्हणून ऑफर घेताना एचआरला चार गोष्टी विचाराच: ब्रेक शिफ्ट आहे का, आठवड्याची सुट्टी पक्की आहे का, रात्री उशिरा सुटल्यावर घरी सोडायला गाडी आहे का, राहायची सोय आहे का. ब्रेक शिफ्ट म्हणजे अकरा ते साडेतीन आणि परत साडेसहा ते बंद होईपर्यंत, मधले तीन तास तुमचे म्हणायला, पण घर लांब असेल तर लॉकर रूममध्ये झोपण्यात जातात. मुलींनी गाडीचं लेखी घ्या. आणि काही ठिकाणी मुलगी दिसली की बेकरीत टाकायची अजून सवय आहे, बेकरी आवडत असेल तर छानच, नसेल तर पहिल्याच दिवशी हॉट किचन (गरम जेवण बनतं तो भाग) मागा, नंतर सेक्शन बदलून मिळणं अवघड जातं.

शिकायचं कुठून. केंद्र सरकारच्या आयएचएमसाठी (हॉटेल मॅनेजमेंटची कॉलेजं) एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था ती घेते, तीन वर्षांची बीएस्सी. दादरचं आयएचएम 1954 पासूनचं, गोव्याचं पर्वरीला आहे. चार वर्षांच्या बीएचएमसीटी ह्या हॉटेल मॅनेजमेंटच्या डिग्रीसाठी राज्याची सीईटी आहे आणि पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारचं कॉलेज आहे. पण लोकं एक गोष्ट विसरतात, फक्त किचनमध्येच जायचं असेल तर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग शिकत तीन वर्षं घालवायची गरज नाही. आयएचएममध्येच दीड वर्षाचा क्राफ्ट्समनशिप कोर्स असतो, आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो, फी डिग्रीच्या मानाने खूपच कमी. डिग्रीचा फायदा पुढे होतो, मोठ्या चेनची मॅनेजमेंट ट्रेनिंग, परदेशातला व्हिसा, शिकवायची नोकरी, तिथे कागद लागतो. सुरुवातीला लाइनवर कोणी डिग्री विचारत नाही, कांदा कसा चिरतोस ते बघतात. घरी मांस-मासे चालत नसतील तर हेही आधी बघा, 2016 मध्ये अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या आयएचएमनी शाकाहारी पर्याय सुरू केला, पण नोकरीत निव्वळ शाकाहारी राहून वर चढायचं तर जागा मोजक्याच.

वर चढणं म्हणजे कॉमी थ्री, टू, वन, मग डेमी (सीडीपीचा मदतनीस), सीडीपी (एका सेक्शनचा प्रमुख), सू शेफ आणि एक्झिक्युटिव्ह शेफ. ही उतरंड एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच शेफने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लावून दिली, अजून तीच चालू आहे. सीडीपी होईपर्यंत सेक्शन दर वर्ष-दीड वर्षाने बदलत राहा, एकाच ग्रेव्हीवर पाच वर्षं राहिलात तर त्याच ग्रेव्हीचे उस्ताद व्हाल आणि तिथेच अडकाल. हॉटेल मात्र दर सहा महिन्यांनी बदलू नका. दोन-तीन हजारांसाठी उड्या मारणारा सीव्ही कुठलाही शेफ एका नजरेत ओळखतो.

आणि टीव्हीवरचे शेफ बघून निर्णय घेऊ नका प्लीज. गरिमा अरोराचं नाव सगळे घेतात, मिशेलिन स्टार (रेस्टॉरंटना मिळणारा जगातला मोठा मान) मिळवणारी पहिली भारतीय बाई, 2018, बँकॉकमध्ये. पण ती आधी पत्रकार होती, मग पॅरिसला शिकली, मग नोमामध्ये घासली, मग स्वतःचं. आणि ते नोमा, कोपनहेगनचं, जगात एक नंबर वगैरे, तिथे सुद्धा इंटर्नना 2022 पर्यंत पगार नव्हता, आणि तो द्यायला लागल्यावर काही महिन्यांतच मालकाने जाहीर केलं की हे रेस्टॉरंट असं चालवणं टिकणारं नाही. एवढ्या वरच्या जागी ही अवस्था, मग आपल्या गल्लीतल्या कॅफेवाल्याने "एक्सपोजर मिळेल" म्हणून फुकट राबवलं तर आश्चर्य नको. कॉलेजची इंडस्ट्रियल ट्रेनिंग सोडून फुकट काम एका महिन्याच्या वर करू नका.

शरीराचं आत्तापासून बघा. पाय, कंबर आणि पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा हे ह्या धंद्याचे आजार आहेत. पहिल्या पगारात सुरी घेऊ नका, बूट घ्या, न घसरणारे, पुढून कडक. सुरी नंतर, आठ इंची एक चांगली, जपानी वगैरे हौस खूप पुढे. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही, आणि सर्व्हिस चालू आहे म्हणून दोन मिनिटांत परत लाइनवर पळायचं नाही, तिथे हिरोगिरी करणाऱ्यांचे डाग आयुष्यभर राहिलेत. रात्री एक वाजता सुटल्यावर सगळे मिळून "बसतात", तेही सांभाळा, ह्या लाइनमध्ये दारूने गेलेले चांगले हात मी खूप बघितलेत. आणि सण विसरा. गणपतीला गावी जायची सुट्टी मिळवणं हा किचनमधल्या कोकणातल्या पोरांचा दरवर्षीचा लढा असतो, जुलैपासून शेफला मस्का सुरू.

पैसा पटकन हवा असेल तर बोट किंवा गल्फ. गोव्यातून आणि कोकणातून क्रूझवर जाणारी घरंच्या घरं आहेत, सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, राहणं-खाणं कंपनीचं, त्यामुळे जे मिळतं ते बरंचसं शिल्लक राहतं, पण पूर्ण कॉन्ट्रॅक्टभर सुट्टीचा आख्खा दिवस जवळपास नसतोच. त्यासाठी एसटीसीडब्ल्यूचं (बोटीवरच्या सुरक्षेचं) ट्रेनिंग आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, लागतं. एजंटचा आरपीएसएल नंबर (बोटीवर माणसं भरायचं लायसन्स) डीजी शिपिंग ह्या सरकारी खात्याच्या साइटवर तपासा, आणि बोटीवरच्या नोकरीसाठी जो एजंट तुमच्याकडे पैसे मागतो तो फ्रॉड समजा, कारण लावून दिल्याचे पैसे त्याने कंपनीकडून घ्यायचे असतात. गल्फसाठीच्या एजंटला सरकारने ठरवलेली फी कमाल 30,000 अधिक जीएसटी आहे, कोणी दीड लाख म्हणाला की उठायचं. जायच्या आधी इथे निदान दोन वर्षं काढा, कोरे हात घेऊन गेलात तर वर्षानुवर्षं सॅलडच कापत बसाल.

हॉटेलचे तास झेपणार नाहीत पण काम आवडतंय असं झालं तर किचन सोडायची गरज नसते. चाकणसारख्या एमआयडीसीतली कॅन्टीन, हॉस्पिटलची किचन, फ्लाइट किचन, फूड कंपन्यांमध्ये नवीन प्रॉडक्ट बनवायचं काम, इथे शिफ्ट ठरलेली, ग्लॅमर शून्य, पण पोराच्या शाळेचं गॅदरिंग बघायला मिळतं. तिशीनंतर बरेच जण तिकडे वळतात आणि खूश असतात. स्वतःचं काढायचं असेल तर सू शेफ होऊन खरेदी आणि फूड कॉस्ट हातात आल्याशिवाय नको, चव सगळ्यांनाच देता येते, किलोचा हिशोब नाही.

तर डिसेंबरचा सीझन काढा, वर दिलेला तासाचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी एकदा कागदावर मांडा, जानेवारीत ठरवा. एनसीएचएम जेईईचे फॉर्म साधारण त्याच सुमारास चालू असतात, तारखा एनटीएच्या साइटवर बघा. आणि कोर्स न करता थेट लागणार असाल तर ट्रेड टेस्टची तयारी ठेवा, बहुतेक वेळा ऑम्लेट, एखादी ग्रेव्ही आणि बारीक कांदा. ऑम्लेट करपलं तरी चालून जातं, पण चाखलेला चमचा परत भांड्यात घातला किंवा काम झाल्यावर चॉपिंग बोर्ड तसाच सोडून गेलात तर तिथेच कट. नखं कापून, दाढी करून, खिशात एक पेन आणि मार्कर घेऊन जा, पेन मागायची वेळ आली की शेफचं तोंड वाकडं होतंच.