पिकअपला खालून अंडरकोटिंग स्वतः कसं मारायचं (स्प्रे कॅननं)

सोलापुरात पाऊस पडतोच किती, मग गाडी गंजायचा प्रश्न येतोच कुठं, असं म्हणणारे लई भेटतात. त्यांनी एकदा ऊस ओढणाऱ्या पिकअपच्या हौद्याखाली डोकं घालून बघावं. आपल्याकडं गाडी पावसानं कमी आणि मालानं जास्त गंजते. उसाचा रस फटीतून गळतो, आंबतो आणि आंबट झाला की पत्र्याचा रंग खायला लागतो. मार्केट यार्डात सीझनला ओल्या कांद्याच्या पिशव्या, त्यांचं पाणी रात्रभर हौद्यात. सगळ्यात वाईट म्हणजे खत. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइडच, लोखंडाला मीठ जे करतं तेच ते करतं, आणि युरिया हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतो, म्हणजे एक पोतं फुटलं की ती भुकटी चेसिसच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) कोपऱ्यात बसून पाऊस नसताना पण काम चालू ठेवते. त्यात रत्नागिरीकडच्या खेपा असतील तर खारी हवा वेगळीच.

यावर उपाय अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, आणि हे लिहिलंय छोटा हत्ती (टाटा एस), बोलेरो पिकअप, फार तर टाटा 407 वाल्यांसाठी. दहा चाकी ट्रक कॅननं करायच्या भानगडीत पडू नका, कॅनचा ढीग लागेल आणि पैसे पण जास्त जातील, त्याला कॉम्प्रेसर आणि गनवाला बघा. पिकअपला चारी मडगार्ड, चेसिस आणि हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या धरून 500 मिलीचे पाच-सहा कॅन हाताशी ठेवा. डब्यावर जेवढा एरिया लिहिलेला असतो तेवढा कधीच होत नाही, कारण चेसिस काय सपाट भिंत नाही, निम्मा स्प्रे कडेनं उडून जातो.

दुकानात दोन जातीचे कॅन मिळतात. एक रबराइज्ड, काळं, सुकलं की जाड रबरासारखं होतं, दगड-खडी लागली तरी झेलतं. दुसरं वॅक्सचं, ते पूर्ण कडक होत नाही, फटीत शिरत जातं. मडगार्डच्या आत रबराइज्ड मारा, तिथं टायर खडी फेकतो. चेसिसच्या आतली पोकळी, जोड, वेल्डिंगच्या कडा, जिथं हात जात नाही तिथं वॅक्स. आणि गाडी आधीच बऱ्यापैकी गंजलेली असेल तर सगळीकडं वॅक्सच बरं. कारण रबराचा थर गंजावर मारला तर वरून गाडी नवी दिसते आणि आत ओल कोंडून बसते. जुनी गाडी घेताना हे मुद्दाम बघा. खालून चकाचक काळी दिसली की स्क्रू ड्रायव्हरनं एका कोपऱ्यात जरा उचलून बघायचं, थर पापडासारखा सुटून आला आणि खाली तांबडी पूड निघाली तर समजायचं की मालकानं विकायच्या आधी नुसता मेकअप केलाय.

वेळ कधीची? ऊस संपला आणि पावसाळा यायचाय, ती मधली वेळ. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी पार असतो, दुपारी चेसिसला हात लावला तर चटका बसतो. तापलेल्या पत्र्यावर स्प्रे मारला तर तो पोचायच्या आधीच अर्धा सुकतो, वर खरखरीत दाणे बसतात आणि नखानं निघतात. म्हणून सकाळी लवकर, सावलीत, वारा नसताना. जमलं तर मार्चमध्येच उरकून टाका. आणि कॅन केबिनमध्ये ठेवू नका, त्यावर 50 डिग्रीच्या वर तापवू नका असं लिहिलेलं असतं आणि उन्हात काच बंद केलेल्या केबिनला तेवढं तापायला वेळ लागत नाही.

आता खरं काम, म्हणजे धुणं. वॉशिंग सेंटरला रॅम्पवर चढवून खालून प्रेशरनं धुवून घ्या, आणि तिथल्या पोराला आधीच सांगून ठेवा, "धुतल्यावर डिझेल मारू नकोस बरं का." तो म्हणणार, "मालक, चमक येते की." येऊ दे, नाही म्हणायचं. डिझेल किंवा जळकं ऑइल मारलेल्या पत्र्यावर कुठलंच कोटिंग धरत नाही, शिवाय ते रबरी बुश आणि पाईप फुगवतं आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच. आधी मारलेलं असेल तर शाम्पूच्या किंवा डिग्रीझरच्या (तेलकटपणा काढणाऱ्या) पाण्यानं दोनदा धुवायला लावा.

प्रेशरनं सगळं निघतं असं पण नाही. मागच्या पाट्यांचं (स्प्रिंगच्या लोखंडी पानांचं) ब्रॅकेट चेसिसला जिथं बसतं ना, त्याच्या वरच्या बेचक्यात हात घालून बघा. काळी माती तिथं दाबून दाबून बसलेली असते, वरून वाळलेली, भेगा पडलेली, टामीनं (लोखंडी पहारीनं) उचकटली की अख्खा गोळा निघतो आणि आतली बाजू एप्रिलमध्ये पण थंड आणि ओली लागते. आणि पत्रा नेमका तिथंच आधी सडतो. असे कोपरे हातानंच साफ करावे लागतात, जुना टूथब्रश, पट्टी, काय सापडेल ते घ्या. चेसिसला आणि दरवाज्याच्या खाली पाणी जायला बारीक होल असतात, ते तारेनं मोकळे करा आणि नंतर स्प्रे मारताना बुजवू नका, बुजले तर पाणी आतच राहणार.

धुतल्यावर एक पूर्ण दिवस गाडी उन्हात उभी करा. आपलं ऊन या एकाच कामाला फुकटचा नोकर आहे, वापरून घ्या.

वाळली की तारेचा ब्रश, नाहीतर ग्राइंडरला तारेचा कप. सुटलेला रंग, पापुद्रे, सगळं काढायचं, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. लोखंड आरशासारखं चमकलंच पाहिजे असं नाही, पण हलणारं काही शिल्लक नको. संशय येईल तिथं हातोडीनं हलकं ठोकून बघा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं, कधी कधी हातोडी आतच जाते. तसं झालं तर तिथंच थांबायचं, आधी वेल्डिंगवाल्याकडं जाऊन पॅच मारून घ्यायचा, कोटिंग नंतर. वेल्डिंग आधी आणि स्प्रे नंतर, हा क्रम उलटा केला तर जाळ लागेल.

जो बारीक तांबडा गंज खड्ड्यात उरतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं लावा, टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवालं, ते गंजाला काळं घट्ट करून टाकतं. सुकायला डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ द्या. उघडं लोखंड थिनरच्या फडक्यानं हलकं पुसून त्यावर प्रायमरचा एक हात, रेड ऑक्साईड चालतं, झिंक फॉस्फेटवालं मिळालं तर बेस्ट. तो पण नीट सुकू द्या.  पुसायची चिंधी चादर-टॉवेलच्या कारखान्यातली वेस्टची घ्या, सुती असते, धागे सोडत नाही एवढं बघा.

आता झाकाझाकी. सायलेन्सर आणि त्याचा पाईप, ब्रेकचे ड्रम-डिस्क, रबरी ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा फिरता दांडा) आणि त्याचे जॉइंट, ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं), मागच्या हाऊसिंगचे आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा जायची भोकं), वायरिंगचे कनेक्टर, रेडिएटर, हे सगळं पेपर आणि मास्किंग टेपनं गुंडाळा. सायलेन्सरवर पडलं तर धूर आणि वास सुटतो, आगीची पण भीती. प्रोपेलरवर एका बाजूला जाड थर बसला की गाडी स्पीडला थरथरते. पाट्यांच्या मध्ये मारू नका, पान पानावर घासायला मोकळं पाहिजे. पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टच्या नटांना ग्रीस लावून कागद चिकटवा, पुढं मिस्त्री शिव्या घालणार नाही. आणि चेसिस नंबर! हा बरेच जण विसरतात. काळ्या थराखाली नंबर गेला की पासिंगला किंवा गाडी नावावर करताना पेन्सिलची छाप घ्यायला लोक खरवडत बसतात. त्यावर टेप लावा, काम झाल्यावर टेप काढून पातळ ग्रीसचा हात.

गाडी उचलताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपू नका. स्टॅण्ड लावा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, चाकं खोलली तर मडगार्डमध्ये हात मोकळा चालतो. बॅटरीची वायर काढून ठेवा. कॅनमधला गॅस पेट घेणारा असतो आणि हवेपेक्षा जड, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मारायचं टाळा, तो खाली साचतो. बिडी, सिगरेट, शेजारी ग्राइंडर, काही नको. डोळ्याला गॉगल, तोंडाला वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क, साधा रुमाल काही कामाचा नाही.

कॅन दोन मिनिटं चांगला हलवायचा, आतली गोळी मोकळी वाजली पाहिजे. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. मग पत्र्यापासून वीतभर लांब धरून, हात सतत सरकता ठेवून पातळ हात मारत जायचं, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवायचा. पहिल्या हातात खालचा रंग थोडा दिसला तरी चालतो. लोक इथंच घाई करतात, एकदाच जाड ओततात, मग वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि उन्हात ओघळ येतात. अर्ध्या तासानं दुसरा हात, मडगार्डला तिसरा. बंद चेसिसच्या आत मारायला वॅक्सच्या कॅनला लांब नळी लावा, टोकापर्यंत आत घालून बटण दाबत हळूहळू बाहेर ओढायची, होलमधून थेंब टपकायला लागले की आत पोचलं समजा.

मधेच थांबायचं असेल तर कॅन उलटा करून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नोझल बुजत नाही. टेप थर पूर्ण कडक व्हायच्या आधी काढा, नाहीतर कडा उचकटते. गाडी निदान 24 तास उभी ठेवा, लगेच भाडं घेऊ नका. आठवडाभर प्रेशरचं पाणी मारू नका. नंतर पहिल्या एक-दोन पावसानंतर चाकामागं बघून घ्या, जिथं खडीनं थर उडालाय तिथं उरलेल्या कॅनमधून टच-अप मारायचा, त्यासाठी अर्धा कॅन राखूनच ठेवा. आणि खताची खेप उतरवली की त्याच दिवशी हौदा धुवा, वाळलेली भुकटी फक्त झाडून काढली तर फटीतली तिथंच राहते.