खोडकर पोरांच्या गोष्टी लिहायला बसताना

शाळेतल्या खोडकर मुलांवर लिहायचं मनात असलेले बरेच जण मला कोल्हापुरात भेटतात. त्यात शिक्षक जास्त, काही आया, काही नुकतेच एम. ए. झालेले. किस्से प्रत्येकाकडं भरपूर असतात. सांगायला लागले की चहाचं टेबल हसून हसून बेजार होतं, आणि तोच किस्सा कागदावर उतरला की कुणी हूं की चूं करत नाही. तोंडी किस्स्याला सांगणाऱ्याचा चेहरा असतो, हातवारे असतात. कागदावर ते सगळं काम रचनेला करावं लागतं. मी बरीच वर्षं मुलांसाठी लिहितेय आणि लिहिलेलं शाळाशाळांतून वाचून दाखवतेय. त्यातून जे हाताला लागलं ते नव्यांसाठी मांडते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. खोडी करणारं मूल स्वतः हसत नसतं. ते अत्यंत गंभीर काम करत असतं. त्याचा हिशेब त्याच्या परीनं चोख असतो, फक्त एक आकडा मोठ्यांच्या जगातला असतो आणि तो त्याला माहीत नसतो. हसू तिथून येतं.

एक गोष्ट उलगडूनच दाखवते. पप्या सहावीत आहे. चौथा तास गणिताचा आणि गृहपाठ झालेला नाही. पप्या विचार करतो, टोल पडला की तास बदलतो. म्हणजे टोल पडलाच नाही तर तास बदलणार नाही, आणि गणित येणारच नाही. शाळेत टोल म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि तो बडवायची लोखंडी कांब. पप्या कांब दप्तरात घालतो. योजनेत खोट काढून दाखवा बघू.

तिसरा तास मराठीचा असतो आणि बाईंनी शुद्धलेखन घातलेलं असतं. टोल पडत नाही, म्हणून शुद्धलेखन संपत नाही. गणित टळलं हे खरं, पण मधली सुट्टीही टळली. व्हरांड्यातून खिचडीचा वास यायला लागतो. पप्या पाणी प्यायला जाऊ का विचारून बाहेर पडतो, तर शिपाईमामा झाडाखाली कांब शोधतायत. तो परत येतो. पुन्हा परवानगी काढतो, तर मामा त्यालाच मदतीला बोलावतात. तिसऱ्यांदा तो थेट स्वयंपाकाच्या खोलीत शिरतो, खिचडीचा डाव उचलतो आणि रुळावर बडवत सुटतो. घाईत तो इतके टोल देतो की ती लांब घंटा होते. लांब घंटा म्हणजे शाळा सुटली. सगळी शाळा दप्तरं घेऊन फाटकाकडं धावते, आणि हातात डाव घेतलेल्या पप्यासमोर मुख्याध्यापक उभे असतात.

यात योगायोग कुठंच नाही. प्रत्येक नवं संकट आधीच्या उपायातून जन्मलंय. नवीन लिहिणारे इथंच घाई करतात. गोष्ट अडली की कुत्रं आणतात, पाऊस पाडतात, नाहीतर सरांचं धोतर सोडतात. पोरं तेवढ्यापुरती हसतात, पण पुढं काय म्हणून विचारत नाहीत. दुसरं म्हणजे लांब घंटेचा अर्थ आणि खिचडीचा डाव, दोन्ही पहिल्या पानावर सहज येऊन गेले पाहिजेत. मामा सकाळी कांब पुसताना सांगतील, लांब घंटा फक्त शाळा सुटताना. वाचणाऱ्याला ती माहिती वाटेल आणि तो विसरून जाईल. शेवटी आठवली की त्याला स्वतःच्या हुशारीचा आनंद होतो. आता तीनदा बाहेर जाण्याचं. पहिल्या वेळी सवय लागते, दुसऱ्या वेळी वाट बघणं सुरू होतं, तिसऱ्या वेळी मोडायचं. चौथी फेरी घातलीत तर वर्ग चुळबुळ करायला लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सांगणारा कोण, हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हीच गोष्ट पप्याच्या तोंडून सांगितली तर दुसऱ्या फेरीत तो म्हणतो, ‘मामा लई घाबरलेले. मला वाईट वाटलं, म्हणून मीपण मनापासून शोधायला लागलो.’ त्याला यात विनोद दिसत नाही, आणि लेखकानंही दाखवायचा नाही. ‘तो मिश्कील हसला’, ‘मग काय, एकच धमाल उडाली’ असली वाक्यं निर्दयपणे कापा. उद्गारचिन्हंही. फ्रेंचमध्ये रने गोसिनी यांनी छोट्या निकोलाच्या गोष्टी याच तऱ्हेनं, मुलाच्याच तोंडून लिहिल्या. चित्रं सांपे यांची. चित्रकार असेल तर त्याच्यासाठी जागा सोडायची, हेही तिथं शिकायला मिळतं. डाव हातात घेतलेला पप्या चित्रात दिसणार असेल तर त्याचं वर्णन मजकुरात नको.

सुट्या गोष्टींची मालिका करायची असेल तर मुलाला मोठं करायचं की नाही ते आधीच ठरवा. रिचमल क्रॉम्प्टन या इंग्रज लेखिकेचा विल्यम 1922 च्या पहिल्या पुस्तकापासून अखेरपर्यंत अकरा वर्षांचाच राहिला. त्यामुळं कुठलंही पुस्तक आधी उचललं तरी चालतं. आपल्याकडं भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं ‘ट्टॉक’ आठवा. एका आवाजानं पोरगं डोळ्यांसमोर उभं राहतं. तुमच्या मुलालाही असं काहीतरी त्याचं स्वतःचं द्या, मात्र पानोपानी वापरू नका.

भाषेबद्दल माझा आग्रह आहे. कोल्हापूरची पोरं ‘काय करायलाईस?’ म्हणतात, मुलीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. संवादात ते तसंच ठेवा. एका संपादकांनी माझ्या गोष्टीतल्या मुलीचं ‘मी करतो की’ बदलून ‘मी करते’ केलं होतं आणि ती मुलगी एकदम शहाणी, परकी झाली. मी पत्र लिहून ते मूळपदावर आणून घेतलं. बोली हसवण्यासाठी वापरायची नाही, ते त्या मुलांचं बोलणं आहे.

हसायचं कुणावर, याची रेघ मी कधी ओलांडत नाही. खोडी नेहमी वरच्या दिशेनं जावी. नियमावर, कंटाळ्यावर, मोठ्यांच्या ऐटीवर हसा. जाडा, काळा, तोतरा, फाटक्या चपलेचा मुलगा हे विनोदाचं सामान नाही. वर्गात तो मुलगा बसलेला असतो आणि ऐकत असतो. मास्तरही खलनायक करू नका. शिपाईमामांची घाबरगुंडी उडाली, त्यांची नोकरी आहे, हे पप्याला कळायला हवं. ते कळलं की कांब परत देणं ही त्याची स्वतःची गरज होते, तात्पर्य लिहावं लागत नाही.

विषय कमी पडतात असं म्हणणाऱ्यांना मी इतिहासाकडं बोट दाखवते. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळातलं शाळा चुकवणारं पोरगं घ्या. त्याची दांडी बापाच्या खिशाला भोक पाडणार. खोडीला इतकी सरळ किंमत आयती मिळतेय आणि अजून किती गोष्टी तिथं लपल्यात.

वाचनाला करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एकेका दशकातले अंक लागोपाठ चाळा, विनोदाची चाल कशी बदलली ते दिसेल.

गोष्ट झाली की ओळखीच्या शिक्षकांना विचारून शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास मागा. कागद हातात धरून सरळ वाचा, अभिनय करू नका, नाहीतर हशा तुमच्या चेहऱ्याला मिळेल. समासात पेन्सिलीनं खुणा करत चला: कुठं हसली, कुठं बाकाखाली हात गेले. वळणाच्या जागी थांबून पुढं काय होईल ते विचारा. वर्गानं बरोबर ओळखलं तर ते वळण बदला. कुणालाच काही सुचलं नाही तर पेरणी कमी पडलीय, पहिल्या पानावर परत जा. आणि दुसरी गोष्ट बरोबर न्या, कारण तास संपायच्या आत ती मागतातच.