फसफसणारी गोळी आणि पावसाळा : या चुका टाळा

आपल्या खान्देशात मे महिन्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) गच्चीवर एका दिवसात खडखडीत वाळतात आणि जुलैत डब्याचं झाकण जरा सैल राह्यलं की मऊ पडतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचं पण तेच, फक्त नुकसान मोठं. मी औषधांच्या कारखान्यात गोळ्या दाबायच्या सेक्शनला आहे, म्हणून सांगतो.

सगळ्यात कॉमन चूक, आरएच (हवेतला सापेक्ष ओलावा, टक्क्यांत) चढला की एसी अजून थंड करणं. अहो भाऊ, त्याने आरएच अजून चढतो! २५ अंशाला २५ टक्के असलेली हवा, ओलावा न काढता २२ अंशावर आणली की मीटर ३० दाखवतो. या गोळ्यांना २५ अंशाला साधारण २५ टक्क्यांच्या आत लागतं, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं पाणी व्हायला लागतं) ४ अंशाच्याही खाली, आणि एसीच्या कॉइलमध्ये चिल्ड वॉटर, म्हणजे गार पाणी, येतं ६-७ अंशाने, मग नुसत्या कॉइलने कसं जमणार? ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चाकाचा डीह्युमिडिफायर (हवा सुकवणारं मशीन) लागतोच.

त्या चाकाची एक बाजू खोलीची हवा सुकवते, दुसऱ्या बाजूने गरम हवा चाकालाच सुकवते. आमच्याकडे एकदा ब्लोअर चालू, चाक फिरतंय, तरी आरएच ३८, दोन तास दाराचे रबर तपासत बसलो आणि निघालं काय तर रिॲक्टिव्हेशनचा, म्हणजे चाक सुकवणाऱ्या गरम हवेचा, हीटर ट्रिप. तिथला फिल्टर चोक झाला तरी असंच होतं. आता मी आधी तिथलं टेम्परेचर बघतो, दारं नंतर.

चहाला जाताना हॉपर (मशीनवरचं पावडर भरायचं नरसाळं) भरलेला सोडू नका. सोडा आणि सायट्रिक ॲसिडला जरा पाणी लागलं की रिॲक्शन सुरू, त्यातून परत पाणीच तयार होतं, ते पुढचं पेटवतं. आधी पावडर पंचला (गोळी दाबणाऱ्या दांड्याला) चिकटते, आणि त्यातून सुटलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप नंतर पापडासारख्या फुगतात. कोल्ड रूममधून आणलेली पिशवी लगेच फोडणं, ओला पोछा मारून लगेच बॅच घेणं, हे पण त्यातलंच.

मीटरवर शंका आली तर बंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवून आत मीटर ठेवा, काही तासांनी २५ अंशाला ७५ च्या आसपास यायला पाहिजे. कॅलिब्रेशन नाही हे, पण खोटं बोलणारा मीटर लगेच सापडतो.

आणि रिकाम्या कॅप्सूल मात्र या खोलीत आणून ठेवू नका. जिलेटिनमध्ये १३ ते १६ टक्के पाणी असावंच लागतं, ते उडालं की भरताना टिचून फुटतात.